आभार कोण मानतं? : तालुक्याच्या कॉलेजातली मंडळं आणि साडेपाचची मुक्कामी गाडी

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजात विद्यार्थ्यांचं सांस्कृतिक जीवन कसं चालतं, हे कुणाला अभ्यासायचं असेल, तर त्यानं कॉलेजच्या माहितीपुस्तिकेपासून सुरुवात करू नये. एसटी स्टँडवर जावं आणि भिंतीवर रंगवलेलं वेळापत्रक उतरवून घ्यावं. एक गाडी दुपारी साडेबाराची, एक तीनची आणि शेवटची साडेपाचची मुक्कामी. या वेळांच्या मध्ये जे बसतं ते टिकतं. वाङ्मय मंडळ, वादविवाद, एकांकिकेची तालीम, भित्तिपत्रक, गॅदरिंग यांतलं जे बसत नाही ते गावात खोली करून राहणाऱ्या किंवा गावातच घर असणाऱ्या मुलांचं होऊन जातं.

मी अशाच एका कॉलेजात तीस-बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. त्यातली बरीच वर्षं वाङ्मय मंडळ माझ्याकडं होतं. तेव्हा मला हे कळलं नव्हतं. निवृत्तीनंतर मंडळाच्या जुन्या इतिवृत्ताच्या वह्या चाळत बसलो, तेव्हा कळलं. वह्या चाळण्यामागं काही मोठं संशोधन नव्हतं, कॉलेजच्या स्मरणिकेसाठी चार ओळी हव्या होत्या. पण दर वर्षीच्या उद्घाटनाचा वृत्तांत एकापाठोपाठ एक वाचताना एक गोष्ट डोळ्यांत खुपायला लागली. कार्यक्रमाच्या सुरुवातीला मुलींची नावं आहेत आणि शेवटी मुलांची. स्वागतगीत मुलींचं. पाहुण्यांचा परिचय बहुधा मुलीनं करून दिलेला. आणि 'आभार' या शब्दापुढं वर्षानुवर्षं मुलाचं नाव. हे कुणी ठरवलं होतं? मीच ठरवलं होतं. का, ते मात्र मला आठवेना.

मग आठवलं. आभार शेवटी असतात, आणि शेवट येईपर्यंत खेड्यावरच्या मुली उठून गेलेल्या असत.

मंडळाचा कार्यक्रम कसा असतो हे वाचकांना नव्यानं सांगायला नको. प्रतिमापूजन, स्वागतगीत, हार आणि शाल, प्रास्ताविक, परिचय, भित्तिपत्रकाचं प्रकाशन, पाहुण्यांचं भाषण, अध्यक्षीय समारोप, आभार, राष्ट्रगीत. यात विद्यार्थ्याच्या वाट्याला येणाऱ्या जागा मोजक्याच. त्या सारख्या दिसतात, पण सारख्या नाहीत. स्वागतगीत समूहानं म्हणायचं असतं. परिचय सरांनी लिहून दिलेल्या कागदावरून वाचायचा असतो, त्यात 'विपुल ग्रंथसंपदा' आणि 'चतुरस्र व्यक्तिमत्त्व' हे शब्द कुणाच्याही नावापुढं चालतात. आभाराचं तसं नाही. आभार मानणाऱ्याला कार्यक्रमभर जागं राहावं लागतं. पाहुणे काय बोलले त्यातलं एखादं वाक्य पकडून ठेवावं लागतं, अध्यक्षांनी ऐन वेळी काही जाहीर केलं तर त्याचा उल्लेख करावा लागतो, माइकवाल्याचं नाव विसरून चालत नाही. लोक उठायला लागलेले असतात, त्यामुळं चुकलं तरी फारसं बिघडत नाही. थोडक्यात, स्वतःच्या डोक्यातून, त्या क्षणी, चार वाक्यं बोलण्याची ती सगळ्यात छोटी आणि सगळ्यात सुरक्षित संधी असते. आज गावोगावी भाषणं करणारी, निवडणुका लढवणारी, वकिली करणारी माझी जी मुलं आहेत, त्यांतल्या कितीतरी जणांचं पहिलं भाषण आभाराचं होतं.

घरी 'काय करूलालास' असं बोलणारा मुलगा माइकसमोर पहिल्यांदा 'मी आपला अत्यंत ऋणी आहे' म्हणतो, तेव्हा तो एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उडी मारत असतो. देगलूर-उदगीरकडं घरात तेलुगू किंवा कन्नड बोललं जातं, किनवट-माहूरकडच्या तांड्यांवर बंजारा भाषा आणि गोंडही आहेत. त्या मुलांसाठी तर ही तिसरी भाषा. ही उडी मारायची जागा वर्गात नसते, कारण वर्गात प्राध्यापक बोलतात. ती मंडळात असते. म्हणून मंडळाला फावल्या वेळचा छंद म्हणणं आमच्याकडं खरं नाही.

आता मुलींच्या बाजूनं हिशेब पाहा. एसटीच्या मासिक पासावर विद्यार्थ्याला भाड्याचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे. म्हणजे मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आली की घरातून पहिल्यांदाच तिच्या प्रवासाचे पैसे जायला लागतात, आणि 'कॉलेज किती वाजता सुटतं' हा प्रश्नही तेव्हाच काटेकोर होतो. पास ठरलेल्या मार्गाचा असतो. गाडी चुकली तर काळीपिवळी जीप, तिचे वेगळे पैसे आणि उशिरा घरी पोचल्यावरची वेगळी चौकशी. जीपचे पैसे एखाद्या वेळी सरही देऊ शकतात. चौकशीचं काय करणार? एक मुलगी मला म्हणाली होती, "सर, भाषणाला बक्षीस मिळालं ते आईला सांगते. किती वाजता मिळालं ते नाही सांगत."

आता प्रश्न असा की कार्यक्रम इतके लांबायचे का? त्याचं उत्तर आमच्या प्रदेशाच्या इतिहासात आहे, आणि ते मला थोडं अडचणीत टाकणारं आहे, कारण त्या लांबीचा मला अभिमान होता.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथं सभा घ्यायची तर आधी परवानगी लागे. 'गश्ती निशाण ५३' हा हुकूम जुन्या पिढीला तोंडपाठ होता. राजकीय सभा दूरच, साध्या जाहीर कार्यक्रमावरही नजर असे. म्हणून वाचनालयं, गणेशोत्सव, शाळांची संमेलनं यांच्या आडून लोक बोलायला शिकले. १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून विद्यार्थ्यांवर कारवाई झाली, शेकडो मुलं बाहेर पडली आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं सामावून घेतलं. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. एक गाणं म्हणण्यासाठी कॉलेज सोडावं लागलं, ही आठवण ज्या प्रदेशात ताजी होती, तिथं स्वातंत्र्यानंतर कॉलेजं निघाली तेव्हा त्यांच्या सभांना आपोआपच वेगळं वजन आलं.

नांदेडचं पीपल्स कॉलेज १९५० चं. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेनं उभं राहिलेलं. तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी. लातूरचं दयानंद १९६१ मध्ये निघालं, नांदेडची यशवंत आणि सायन्स ही दोन्ही कॉलेजं १९६३ मध्ये, लातूरचं राजर्षी शाहू १९७० मध्ये. तालुक्यांची कॉलेजं बहुतेक या काळात किंवा यानंतर आली. शिकवणारे स्वातंत्र्यलढ्याची हवा अंगावर घेऊन आलेले होते आणि शिकणारे घराण्यातले पहिलेच.

या वातावरणाचं एका माणसात बघायचं तर नरहर कुरुंदकर. हिंगोलीकडच्या कुरुंद्याचे. इंटरच्या परीक्षेशी त्यांचं जमलं नाही. १९५५ पासून ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते. पुढं एम.ए. होऊन १९६३ मध्ये पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाले आणि तिथंच प्राचार्य. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला एका सभेच्या व्यासपीठावरच त्यांचं निधन झालं. परीक्षेत मागं पडलेला माणूस व्यासंगाच्या आणि वाणीच्या बळावर प्रदेशाचा गुरू होतो, हे उदाहरण आमच्या सगळ्या मंडळांच्या मनावर कोरलेलं होतं. प्रमुख पाहुणा म्हणजे काय, याची आमची कल्पना त्यांच्यावरून झाली. अडचण इतकीच की पाहुणे दर वेळी कुरुंदकर नसत, पण वेळ तेवढाच घेत. दीड तास बोलणं ही आमच्याकडं विद्वत्तेची खूण. कुणी चाळीस मिनिटांत आटोपलं तर 'सरांना आज मूड नव्हता' असं म्हणत. त्या जादा पन्नास मिनिटांची किंमत मागच्या रांगेत बसून घड्याळाकडं बघणाऱ्या मुली देत होत्या, हे आमच्या ध्यानात येत नव्हतं.

सत्तरच्या दशकात कॉलेजं मंडळांच्या बाहेर पडून रस्त्यावर आली. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनाची सुरुवातच विद्यार्थ्यांनी केली होती आणि वसमतच्या गोळीबारानं ते पेटलं. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर नांदेड जिल्ह्यानं जे पाहिलं ते सांगण्याची ही जागा नाही. एवढंच नोंदवतो की त्यानंतर बराच काळ मंडळात कोण कोणाशेजारी बसतं हे दिसायला लागलं होतं. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, तोवर विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या येऊन गेल्या होत्या.

त्याच वर्षी आणखी एक बदल झाला, आणि लहान कॉलेजांपुरता तो फार खोलवर गेला. महाराष्ट्र विद्यापीठ कायदा, १९९४. त्याआधी विद्यार्थी मंडळाच्या निवडणुका होत. वर्ग प्रतिनिधी निवडून यायचे, त्यांच्यातून जी.एस. निवडला जायचा. त्या काळाबद्दल आज फार गोड बोललं जातं, म्हणून सांगतो : मतदानाआधी सीआर 'देवदर्शनाला' नेण्याची पद्धत होती. चार दिवस मुलं माहूर-तुळजापूर फिरून यायची आणि मतदानाच्या दिवशी सकाळी जीपमधून थेट कॉलेजच्या फाटकात उतरायची. हाणामाऱ्या व्हायच्या. मुंबईत १९८९ मध्ये एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला, तेव्हापासून निवडणुका बंद करण्याच्या बाजूनं मत तयार होत गेलं होतं. नव्या कायद्यानं नेमणुकीची पद्धत आणली. प्रत्येक वर्गातून आदल्या परीक्षेत गुणवत्ता दाखवलेला एक विद्यार्थी. शिवाय क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी आणि सांस्कृतिक यांतून प्राचार्यांनी नेमलेला एकेक. आणि दोन विद्यार्थिनी. यांनी आपल्यातून सचिव निवडायचा.

याचा परिणाम दोन्ही बाजूंनी झाला. गॅदरिंगसाठी मंडपवाल्याशी भांडणारा, साउंडवाल्याला उधारीवर आणणारा, शेलापागोट्यांत कुणाचा पाणउतारा होणार नाही हे बघणारा मुलगा बहुधा वर्गात पहिला नसतो. असला तरी त्याला यात रस नसतो. त्यामुळं मंडळावर नावं एकांची आणि कामं दुसऱ्यांची, अशी विभागणी झाली. कामं करणाऱ्याला अधिकार उरला नाही आणि अधिकार असणाऱ्याला आपण कशाचे सचिव आहोत याचा पत्ता नव्हता. हे नुकसान खरंच आहे. पण वह्यांमध्ये दुसरंही दिसतं. निवडणुकीच्या काळात आमच्या कॉलेजच्या विद्यार्थी मंडळात मुलीचं नाव शोधावं लागतं. गुणांवर नेमणुका सुरू झाल्या आणि मुलींची नावं दिसायला लागली, कारण वर्गात पहिल्या येणाऱ्यांत त्याच जास्त होत्या. देवदर्शनाच्या जीपमध्ये त्यांना कुणी बसवलं नसतं. २०१६ च्या नव्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुकांची तरतूद परत आणली. २०१९ मध्ये त्या होणार म्हणून जाहीर झालं आणि पुढं ढकललं गेलं, त्यानंतर कोरोना आला. निवडणुका व्हाव्यात असंच माझं मत आहे. फक्त जुन्या काळासारख्या नकोत.

लातूरबद्दल एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण लातूर म्हटलं की वाचकाच्या मनात 'पॅटर्न' येतो. अकरावी-बारावीच्या मुलांकडून चाचण्यांवर चाचण्या सोडवून घेणारी ही पद्धत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून गाजली आणि खेड्यातल्या पोरांना डॉक्टर-इंजिनिअर करून गेली. तिची टिंगल करणं पुण्या-मुंबईला सोपं आहे, आमच्याकडं नाही. पण तिच्यामुळं एकाच आवारात दोन कॉलेजं झाली. खालच्या मजल्यावर बारावीची मुलं, जी सकाळपासून रात्रीपर्यंत अभ्यासिकेत आहेत आणि ज्यांना कुठलंही मंडळ परवडत नाही. वरच्या मजल्यावर बी.ए., बी.एस्सी.ची मुलं, ज्यांच्याकडं पालक 'राहिलेली' म्हणून बघतात. आवारातलं सगळं नाटक, गाणं, वक्तृत्व या राहिलेल्यांनी सांभाळलं आहे.

बसच्या अडचणीतून बाहेर काढणारी एक गोष्ट मात्र सरकारनंच निर्माण केली होती, आणि ती बससाठी केली नव्हती. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. विद्यार्थ्यानं दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि एका सात दिवसांच्या निवासी शिबिरात जायचं. शंभर जणांचं एक युनिट, त्यातले पन्नास शिबिराला. दत्तक गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या खोल्यांत मुक्काम. पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, आणि रात्री मारुतीच्या पारावर गावकऱ्यांसमोर मुलांचा कार्यक्रम.

श्रमदानानं फार मोठं काही उभं राहतं असा माझा दावा नाही. आम्ही खोदलेले शोषखड्डे पुढच्या उन्हाळ्यात शोधावे लागत. पण त्या सात रात्रींत शेवटची गाडी नसते. हे किती मोठं आहे, ते शिबिराला मुली यायला लागल्यावर मला दिसलं. पालकांकडून परवानगी मिळवणं हे स्वतंत्र कौशल्य होतं. सोबत मॅडम आहेत, प्रमाणपत्र मिळतं, सरकारी आहे, हे तीन मुद्दे त्याच क्रमानं सांगायचे. आणि एकदा मुलगी आली की चौथ्या-पाचव्या रात्री ती पारावर उभी राहून बोलते, तेव्हा कळतं की आपल्या मंडळात ही तीन वर्षं फक्त स्वागतगीताच्या दुसऱ्या रांगेत होती. एका शिबिरात एका मुलीनं दारूबंदीवरच्या नाटुकल्यात दारुड्या नवऱ्याचं काम केलं. गावातल्या बायका हसून हसून रडल्या, पुरुष जरा लवकर उठले.

याच योजनेच्या मुलांना घेऊन आम्ही किल्लारी भागातही गेलो होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायच्या सुमारास भूकंप झाला, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. दगडमातीच्या माळवदाच्या घरांखाली हजारो माणसं गेली. आमची मुलं अठरा-एकोणीस वर्षांची होती. त्या दिवसांत त्यांनी जे उचललं, त्याबद्दल कुणीही कुठल्याच कार्यक्रमात भाषण केलं नाही. त्या वर्षीच्या वहीत उद्घाटनाचा वृत्तांत नाही. फक्त 'कार्यक्रम झाला नाही' एवढी ओळ आहे.

वर्षभरानं, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनाच्या दिवशी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. लातूर, परभणी आणि नांदेड (हिंगोली तेव्हा परभणीतच होतं) यांचं हे विद्यापीठ. पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे, लातूरच्या शाहू कॉलेजचे संस्थापक प्राचार्य. औरंगाबादचा लांबचा प्रवास वाचला आणि युवक महोत्सव आवाक्यात आला. आमच्या विद्यापीठाच्या महोत्सवाला 'ज्ञानतीर्थ' म्हणतात. तिथून निवडलेली मुलं राज्यपातळीच्या 'इंद्रधनुष्य'ला आणि पुढं भारतीय विद्यापीठ संघाच्या महोत्सवाला जाऊ शकतात. त्यामुळं नियम वरून येतात : एकांकिका तीस मिनिटं, प्रहसन दहा, मूकाभिनय पाच. लहान कॉलेजांना या नियमांनी एक न मागितलेली भेट दिली. तीस मिनिटांच्या एकांकिकेला नऊ मुलं, रंगभूषा, वेशभूषा, नेपथ्याचा टेम्पो आणि महिनाभर संध्याकाळच्या तालमी लागतात. हे शहरातल्या कॉलेजांना जमतं. मूकाभिनयाला काळे कपडे आणि तोंडाला पांढरा रंग पुरतो, आणि पाच मिनिटांचा प्रयोग दुपारच्या सुट्टीत बसवता येतो. तालुक्याची कॉलेजं मूकाभिनय, नक्कल, रांगोळी, वक्तृत्व यांत पुढं का दिसतात, असं मला एका परीक्षकांनी विचारलं होतं. त्यांना वाटलं होतं ग्रामीण प्रतिभा वगैरे असेल. मी म्हटलं, तीनची गाडी.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत मंडळांवर नवं ओझं आलं, ते नॅकच्या मूल्यांकनाचं. त्यातल्या सात निकषांपैकी पाचवा विद्यार्थ्यांच्या उपक्रमांचाही हिशेब मागतो. मागायला हरकत नाही. पण हिशेब फोटोंनी द्यायचा असतो, आणि फोटोवर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश उमटलेले असले पाहिजेत. परिणाम असा की भित्तिपत्रकाचं प्रकाशन होतं, पडदा ओढला जातो, फोटो निघतो आणि भित्तिपत्रक पुढच्या वर्षीपर्यंत कुणी बदलत नाही. पूर्वी ते दर महिन्याला बदलायचं. सगळ्यात चांगलं अक्षर असलेली मुलगी ड्रॉइंग शीटवर पेन्सिलीच्या रेघा मारून कविता उतरवायची, मग रेघा खोडायच्या, आणि एक ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर सबंध शीट वाया. जाता जाता सांगतो, हे काम साडेबाराच्या आणि तीनच्या गाडीमध्ये नेमकं बसायचं.

त्याहून गंभीर गोष्ट माणसांची आहे. मंडळं नियमांवर चालत नाहीत, एखाद्या सरांवर किंवा मॅडमवर चालतात. प्राध्यापक भरती वर्षानुवर्षं रखडली आणि लहान कॉलेजांतले कितीतरी विषय तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर आले. त्यांना घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात. तालमीचे, शिबिराचे, स्पर्धेला मुलं घेऊन जाण्याचे तास त्यात मोजले जात नाहीत. तरी ही मंडळी तालमी घेतात. माझ्यानंतर मंडळ सांभाळणारा तरुण शिक्षक दुपारी एका कॉलेजात, सकाळी दुसऱ्यात शिकवतो. साडेपाचच्या गाडीनं आता मुलींबरोबर तोही जातो.

ही सगळी व्यवस्था गाडीवर किती अवलंबून आहे, ते २०२१-२२ मध्ये उघडं पडलं. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि साडेपाच महिने चालला. कोरोनानंतर कॉलेजं नुकती उघडली होती. ज्यांच्याकडं दुचाकी होती ती मुलं आली. मुली फार थोड्या आल्या. कामगारांना कामावर परतण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयानं २२ एप्रिल २०२२ ही मुदत दिली होती, आणि त्याच दिवशी लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झालं, महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयाच्या आवारात. अध्यक्ष भारत सासणे. तालुक्याच्या कॉलेजात अखिल भारतीय संमेलन, ही आम्हा मंडळवाल्यांसाठी दिवाळीच होती. मी तीनही दिवस होतो. ग्रंथदालनात मुलींचा एक घोळका भेटला, दूरच्या गावाहून आलेला. कशा आलात, असं विचारलं. "गाड्या सुरू झाल्या ना, सर."

आता नव्या शैक्षणिक धोरणात सेवा योजना, एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक उपक्रम यांना श्रेयांक आले आहेत. श्रेयांक म्हणजे गुण, गुण म्हणजे हजेरी, आणि हजेरीसाठी आलेली मुलं मंडळात काय करतात हे मी पाहिलं आहे. तरी एका कारणासाठी मला हा बदल हवासा वाटतो. जे श्रेयांकात आलं ते वेळापत्रकात येतं. आणि वेळापत्रकात आलं की ते कॉलेज सुटल्यावर उरत नाही.

निवृत्त झाल्यानंतर एकदा मला मंडळाच्या उद्घाटनाला अध्यक्ष म्हणून बोलावलं. आभार मानायला एक मुलगी होती. वहीबद्दल मी त्या तरुण शिक्षकाजवळ बोललो होतो, त्याचा हा परिणाम असावा. कार्यक्रम नेहमीसारखाच लांबला. पाहुणे रंगात आले होते. पाच वाजून दहा मिनिटं झाली तरी माझं भाषण व्हायचंच होतं. मुलीनं दोनदा दाराकडं पाहिलं. शेवटी तिच्या सरांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, आणि मी हो म्हटलं. ती उठली, माइकसमोर आली, पाहुण्यांच्या भाषणातलं एक वाक्य तिनं बरोबर पकडलं होतं ते सांगितलं, माइकवाल्याचं नाव घेतलं, आणि मग मी अजून न केलेल्या भाषणाबद्दल माझे आभार मानले. सभागृह हसलं. ती हसली नाही, तिला घाई होती. ती आणि तिच्याबरोबर मागच्या दोन रांगा उठून गेल्या. मी उरलेल्यांसमोर सात मिनिटं बोललो. आभार अध्यक्षांच्या आधी, हा क्रम त्या कॉलेजात आता तसाच ठेवला आहे.